मागायला शिकवलेली मुलगी

मी काय शिकते हे वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत कुणाला धड सांगता यायचं नाही, आईला तर नाहीच. 'उपयोजित वर्तन विश्लेषणातलं पदव्युत्तर शिक्षण' असं मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. ती शेजारणींना सांगायची की डॉक्टरकीसारखंच आहे, फक्त सुई टोचत नाहीत. समोरच्या काकांनी एकदा विचारलं, म्हणजे पोरांना वळण लावायचा कोर्स ना, आमच्या मास्तरांनी तर ते छडीनं फुकटात लावलं. मी त्यांना फाडफाड बोलले. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

खरं तर काकांचं फार चुकलं नव्हतं. मूल ओरडतं, डोकं आपटतं, ते कशासाठी, त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर त्याला काय मिळतं हे बघायचं आणि त्या ओरडण्याच्या जागी कामाची एखादी गोष्ट शिकवायची, एवढंच हे शास्त्र. वर्ग ऑनलाइन असत, पण सराव खऱ्या मुलांबरोबर करावा लागे आणि बंगळूरच्या मार्गदर्शक बाई तो फोनवर बघत. पास झाल्यावर पुण्याला, बंगळूरला नोकरी मिळण्यासारखी होती. वर्ध्यात तसं केंद्र नव्हतं, म्हणून मूल मीच शोधायचं होतं. बाबांच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी नाचणगावातलं एक घर सांगितलं.

घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. मुलगी पाच वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. काही हवं असलं की जमिनीवर पडून डोकं आपटायची. काय हवंय ते ओळखता ओळखता तिची आई रडकुंडीला यायची. पाणी दिलं तर ग्लास भिरकावायची, पोळी दिली तर पोळी. पहिल्याच दिवशी त्या बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, ताई, तिनं मले एकदा सांगावं, मले काय पाह्यजे ते. बाकी काई नाई.

मग आम्ही मागायला शिकवायला बसलो. बोलणं दूर होतं, म्हणून खूण हवी होती. कोर्सच्या चित्रफितींमध्ये मुलं तळहात वर करून पुढं धरत, म्हणजे 'दे'. मी तीच घेतली. दुसरी शोधावी असं मनातही आलं नाही. तिला फुटाणे फार आवडायचे. वाटी माझ्या हातात, तिची आई मागे बसलेली. मुलीनं हात पुढं केला की लगेच फुटाणा, नाही केला तर थांबायचं. सुरुवातीला त्या माउलीला ते थांबणं बघवायचं नाही. मी तिला ऐकवायची, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आपण फक्त हिचं रडणं बदलतोय.

आणि ते जमलं. एका दुपारी मुलगी माठापाशी गेली, तिनं आईकडे बघितलं आणि हात पुढं केला. त्या बाईच्या हातून पाणी निम्मं सांडलं. पुढं पुढं मुलगी पाणी मागू लागली, पोळी मागू लागली, अंगणात जायचं असलं तरी हात पुढं करू लागली. डोकं आपटणं जवळजवळ थांबलं. मी घरी येताना बसमध्ये एकटीच हसायची.

त्याच सुमारास मुलीच्या काकाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मलाही बोलावणं होतं. नवरीकडची मंडळी हिंगणघाटकडची. अंगणात पंगत बसली, पुरी, आलूवांग्याची भाजी, बुंदी. आमच्याकडे पंगतीत कुणी मागत नाही. पाहुणा नको म्हणाला तरी त्याच्या पानात आणखी दोन पुऱ्या पडतात, आणि कुणाला मागावं लागलं तर यजमानाची मान खाली जाते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी इथंच वाढले.

मुलगी नवा फ्रॉक घालून पंगतीच्या कडेनं चालत आली आणि पहिल्या पाहुण्यासमोर उभी राहून तिनं हात पुढं केला. त्यानं हसून बुंदी ठेवली. ती पुढच्याकडे गेली. मग त्याच्या पुढच्याकडे. शिकवलेली गोष्ट मूल अनोळखी माणसांसमोर आपणहून करतं, हे आमच्या शास्त्रातलं मोठं यश. मी आनंदानं फोन काढला आणि चित्रण सुरू केलं.

पंगतीत नवरीकडचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या मुक्या तोंडाकडे बघितलं, डावा हात खिशात घातला आणि दहाची नोट काढून तिच्या तळहातावर ठेवली. दयेनंच ठेवली. शेजारच्याला हळूच विचारलं, कोणाची आहे ही?

वाढणारे जागच्या जागी थांबले. मुलीचे आजोबा आले, त्यांनी नोट परत केली, तिचा हात खाली दाबला. मग सुनेकडे वळून म्हणाले, "घरी खायले भेटत नाई का इले? मांगाले काऊन लावलं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण ऐकलं सगळ्यांनी. मुलीच्या आईनं माझ्याकडे बघितलं. माझा फोन अजून समोर धरलेलाच होता. त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. न जेवता निघणं शोभलं नसतं, म्हणून मी जेवायला बसले आणि प्रत्येक घास गिळताना लाज वाटत राहिली.

ते चित्रण मी मार्गदर्शक बाईंना पूर्ण दाखवलं. सुरुवातीला त्या खूश झाल्या. मग मी नोटेचा अर्थ सांगितला. मनातून मला वाटत होतं की त्या म्हणतील, चूक चित्रफितीची. त्यांनी एवढंच विचारलं, "हीच खूण का निवडलीस? गाव तुझं आहे, माझं नाही." मला राग आला, आणि तो राग कुणावर काढावा हे कळेना.

नाचणगावहून निरोप आला की लग्नाची धावपळ आहे, सध्या येऊ नका. लग्न झाल्यावर मी न विचारताच गेले. नवी खूण ठरवली होती. पाहिजे ती वस्तू ज्यात घेतात ते भांडं आणून द्यायचं, पाण्याला ग्लास, फुटाण्यांना वाटी. घरात सगळे तेच तर करतात. मी मुलीच्या आईची माफी मागितली. तिनं चहा ठेवला. ती माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तिले कोणी मारलं नाई, ताई," ती म्हणाली. "फक्त हात पुढं केला का कोणी ना कोणी तो खाली करे. मीबी केला. पाहुणे होते ना घरात. आता ती मांगतच नाई. तहान लागली तरी माठापाशी नुसती उभी राह्यते."

डोकं आपटते का, मी विचारलं. नाही, तेही नाही, ती म्हणाली. घरातल्यांना वाटत होतं, पोर आता शहाणी झाली.

मी मुलीसमोर बसले. फुटाणे काढले आणि रिकामी वाटी तिच्याजवळ सरकवली. ती वाटी आपणहून माझ्याकडे देईल तेव्हाच फुटाणे द्यायचे, असं शास्त्र सांगतं. मी थांबले. तिनं फुटाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले.

मी तिच्या मागण्याची वाट बघितली नाही. फुटाणे तिच्या ओटीत ओतले आणि उठून बाहेर अंगणात गेले, कारण मी समोर असेपर्यंत ती हात बाहेर काढणार नव्हती.