टँकरच्या रांगेतलं ऊन

माझे बाबा उन्हानं गेले. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, आणि समोरचा माणूस जरा गोंधळतो. पुरानं, विजेनं माणूस जातो हे त्याला समजतं. ऊन तर दरवर्षीच असतं.

बाबा विदर्भातल्या खेड्यातून भिलाईला आले आणि नोकरीची सगळी वर्षं लोखंडाच्या भट्टीपुढे राहिले. तिथे कामाची एक रीत होती. भट्टीपुढे एकट्यानं जायचं नाही. एक जण पुढे, त्याचा जोडीदार मागे. पुढच्याला स्वतःची ताकद किती उरली ते कळत नाही, म्हणून लक्ष मागच्यानं ठेवायचं. पाठीवर थाप पडली की हातातलं काम टाकून मागे यायचं, का म्हणून विचारायचं नाही. मग मीठ-लिंबाचं पाणी प्यायचं, पंख्यापुढे बसायचं आणि जोडीदाराला पुढे जाऊ द्यायचं. बाबांचा जोडीदार छत्तीसगढी होता. मी त्यांना काका म्हणायची. ही रीत मला त्यांनीच सांगितली.

बाबा घरी रीत सांगत नसत, भट्टी तेवढी सांगत. उन्हाळा लागला की त्यांचं ठरलेलं असे, "भट्टीपुढे उभा राहिलेल्या माणसाले ऊन काय करते?"

आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हो ना, तुमी तं लोखंडाचेच हा. एक दिवस तुमालेच भंगारात विकतो मी."

तेव्हा आम्ही सेक्टर सहामध्ये कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दारात कडुनिंब, मागे आंबा, नळाला पाणी. मे महिन्यातही दुपारी आम्ही निंबाखाली खाट टाकून अभ्यास करायचो. त्या सावलीचे उपकार मला तेव्हा कळले नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पदवीदान समारंभाला बाबा कारखान्याचे जाड बूट पॉलिश करून आले होते, कारण चामड्याचे तेवढेच होते. सभागृहात त्यांच्या पावलांचा आवाज सगळ्यात मोठा होता. आज मी शाळेत भूगोल शिकवते, ती त्यांच्यामुळे.

निवृत्तीनंतर सगळ्यांसारखं आम्हीही क्वार्टर सोडलं. बाबांनी भिलाईबाहेर अहिवाऱ्याच्या रस्त्याला प्लॉट घेऊन घर बांधलं. स्वतःचं घर म्हणून ते फार खूश होते. पण ती नवी वस्ती उघड्या पांढऱ्या मातीवर उठलेली. डोक्यावर एक स्लॅब, आजूबाजूला एकही झाड नाही. उन्हाळ्यात बोअर आटायचे आणि टँकर यायचा तो भरदुपारी. सकाळच्या फेऱ्या दुसऱ्या वस्त्यांच्या वाट्याला जात. बाबांनी दारात निंबाचं रोप लावलं आणि त्याच्याभोवती विटांचं कुंपण केलं.

त्या उन्हाळ्यात लू, ती गरम वाऱ्याची झळ, थांबतच नव्हती. रात्रीही भिंती गरम राहत. वस्तीचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि कूलर बंद पडले. आई नागपूरकडे तिच्या भावाच्या घरी लग्नाला गेली होती. मी भिलाईतल्याच हुडको कॉलनीतल्या माझ्या घरून बाबांना फोन केला.

"बाबा, आई येईपर्यंत इकडे या ना. लाइट हाय, पाणी हाय."

"कावून? मले काय झालं?"

"उन्हात एकटे हा तुमी."

"तुही आई नाही म्हणून तं मजेत हावो मी. कोणी कटकट करून नाही राहिलं." हसले आणि म्हणाले, "आन् मी आलो तं झाडाले पाणी कोण देईन? तुहा कूलर?"

मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी तेच भट्टीचं वाक्य ऐकवलं आणि शाळेतून आल्यावर नीट जेवत जा म्हणून मलाच बजावून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाईंचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा बाबांना दवाखान्यात आणलं होतं. अंग तापलेलं आणि पूर्ण कोरडं, घामाचा थेंब नाही. त्यांनी मला ओळखलं नाही. संध्याकाळी ते गेले.

काय झालं ते त्या बाईंनी नंतर सांगितलं. टँकरला उशीर झाला होता. रांग उन्हात, आणि जो हटेल त्याचा नंबर जाणार. "बाबूजी बोले, तुम लोग अंदर जाओ, बच्चों को देखो. डब्बा छोड़ दो, मैं खड़ा हूँ. मैं भट्टीवाला आदमी हूँ." सगळ्यांचे डबे रांगेत आणि त्यांच्यापाशी एकटे बाबा. टँकर आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या, डबे भरून दिले, मग आपली बादली घेऊन झाडाकडे गेले. तिथेच खाली बसले. "हमको लगा, पानी डाल रहे हैं," असं म्हणून त्या रडायला लागल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी काका आले. पांढरा सदरा घालून कोपऱ्यात बसले. त्रिशरण-पंचशील झालं, लोक उठले, तरी ते उठेनात. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाले, "पाछू म कोनो नइ रिहिस, बेटी." मागे कुणी नव्हतं.

लोक म्हणाले, वय झालं होतं, निसर्गापुढे कोणाचं चालतं. पण बाबा गेले त्या दिवशी मी सेक्टर सहावरूनच दवाखान्यात गेले होते. ऊन तिथेही तसंच होतं. आमच्या जुन्या दारातल्या निंबाखाली कुणीतरी खाट टाकून झोपलं होतं. आता वर्गात आपत्तीचा धडा आला की मी तो टँकर कुठल्या वेळेला येत होता ते आधी सांगते.

आई ते घर सोडायला तयार नाही. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडेच राहते. टँकर अजून दुपारीच येतो. परवा मी रांगेतून बादली आणून झाडाला पाणी घालत होते. रोप आता माझ्या खांद्याला लागतं, पण सावली म्हणावी तर एका कोंबडीपुरती. आळं खचलं होतं, ते नीट करत बसले. पाठीवर थाप पडली. आई होती, डोक्यावर ओला पदर घेतलेली. किती वेळ मागे उभी होती, कोण जाणे.

"चाल," ती म्हणाली.

आळं अर्धंच झालं होतं. मी ते तसंच टाकलं आणि तिच्यामागे घरात गेले.