आकृती तीनमधलं पाऊल

श्रीनिवासचा अर्ज माझ्या टेबलावर आला, त्या दिवशी मला एकच ओळ लिहायची होती. 'अर्जदार माझे जवळचे मित्र आहेत, तरी हे प्रकरण दुसऱ्या परीक्षकाकडे द्यावे.' वरिष्ठांनी ते पाच मिनिटांत केलं असतं, कारणही फारसं विचारलं नसतं. मी ती ओळ लिहिली नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण ते पोटात ठेवून श्रीनिवासबद्दल चार चांगले शब्द लिहायचे, तर तो वर बसून मला दोन्ही भाषांत शिव्या देईल.

त्याला जाऊन सहा आठवडे झाले. कॉलेजच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला, 'आपला श्रीनू गेला. चिंचोळीत, वर्कशॉपमध्येच. हार्ट.' त्याच्या वर कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागायला सुरुवात झाली होती. मी ऑफिसात होतो, समोर दुसऱ्याच कुणाचा अर्ज उघडा होता. मी तो अर्ज वाचत राहिलो. दोन पानं वाचल्यावर लक्षात आलं, की एकही अक्षर डोक्यात गेलेलं नाही... मग उठलो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

मी पेटंट कार्यालयात परीक्षक आहे. कुणी म्हणालं, की मी नवीन यंत्र शोधलंय, तर ते खरंच नवीन आहे का, हे तपासायचं, हे माझं काम. जगात कुठंही, कुठल्याही भाषेत ते आधी छापून आलं असेल, तर ते नवीन नाही. छापणारा तुम्ही स्वतः असलात तरी नाही. गेली काही वर्षं माझ्याकडे शस्त्रक्रियेच्या रोबोंचे अर्ज येतात, त्यातही डॉक्टर तो रोबो ज्यांनी चालवतो त्या मुठी, पेडल, पडदे यांचे. डॉक्टर पेशंटपासून लांब एका खुर्चीत बसलेला असतो. इकडे त्याची बोटं हलली, की तिकडे पोटात चिमटा हलतो. पण चिमट्याला आत काय लागलं, मऊ की कडक, ताणलं गेलं की तुटायला आलं, हे त्याच्या हाताला पूर्वीसारखं कळत नाही. ते कसं कळवायचं, यावर जगभर डोकी चालू आहेत. त्यातलं एक डोकं सोलापूरच्या पूर्व भागातलं होतं.

श्रीनिवास पद्मशाली घरातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. मी होटगीचा, वडील रेल्वेत गँगमन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझा डबा कायम सकाळीच संपायचा, म्हणून एक दिवस त्यानं मला ओढत घरी जेवायला नेलं आणि मग ते रोजचंच झालं. त्याचे वडील तेव्हा हातमागावर बसत. मी धाग्यांमधून पळणाऱ्या धोट्याकडे बघत होतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. श्रीनूनं माझी मान धरून खाली वळवली. "वर काय बघतो बे दत्त्या? पाय बघ, पाय." म्हाताऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा वाकडा होता आणि तो पायाखालच्या फळीवर नुसता टेकलेला असायचा. मधेच तो थांबला, वाकला आणि हजार धाग्यांतला एक तुटलेला धागा बोटावर घेतला. मी विचारलं, कसं कळलं? तो हसला. "डोळ्याला मागनं कळतंय बाळा, पायाला आदी."

त्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी शेवटच्या वर्षी एक खेळणं केलं. लाकडी पेडल, स्प्रिंगा, तारा आणि टेबलाच्या पलीकडे एक चिमटा. पेडल दाबलं की चिमटा मिटायचा आणि चिमट्याला काही लागलं की पेडल पायाला जड व्हायचं. गॅदरिंगच्या प्रदर्शनात आम्ही द्राक्षांचा घड ठेवला होता आणि लोकांना सांगायचो, न बघता, न फोडता एक द्राक्ष उचलून दाखवा. आमच्या एका प्राध्यापकांनी चार द्राक्षं फोडली, तेव्हा श्रीनू सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, बूट काढा की." बूट काढल्यावर पाचवं द्राक्ष अलगद वर आलं. कल्पना त्याची, स्प्रिंगांचं गणित माझं. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यावर लेख मी लिहिला आणि चित्रंही मीच काढली. पेडलवरचं पाऊल काढताना मी अंगठा वाकडा काढला, त्याच्या वडिलांचा.

पुढे मी सरकारी नोकरीत गेलो. त्यानं चिंचोळी एमआयडीसीत शेड घेऊन मागाचे सुटे भाग करायला सुरुवात केली. दिवाळीला आणि उन्हाळ्यात भेट व्हायची. मी रोबोंचे अर्ज तपासतो, हे त्याला माहीत होतं. तो खोदून खोदून विचारायचा आणि मी, गुप्त काही नसलेलं, सांगायचो. स्वतः काही करतोय, हे मात्र तो एका शब्दानं बोलला नाही.

आणि एक दिवस त्याचा अर्ज माझ्यासमोर. शस्त्रक्रियेच्या रोबोसाठी पायानं चालवायचं नियंत्रण. चिमट्याच्या टोकावर जेवढा जोर, तेवढं पेडल पायाला जड. मोटर, सेन्सर, सगळं आजचं. मी आकृत्या उघडल्या आणि आकृती तीनवर थांबलो. पेडलवर एक पाऊल होतं आणि त्याचा अंगठा वाकडा होता. माझंच चित्र, फक्त रेषा आता संगणकानं सरळ केलेल्या. मग शोधकर्त्यांचा रकाना बघितला. श्रीनिवास आणि पुण्याचे एक सर्जन. दोनच नावं. मी परत बघितलं... दोनच.

त्या क्षणी मला काय झालं, ते आजही नीट सांगता येत नाही. ज्या घरात मी चार वर्षं जेवलो, त्या घरातल्या माणसानं माझं चित्र घेतलं, माझं गणित घेतलं आणि मला साधं विचारलंही नाही. मला दिवाळीला फराळ वाढताना तो हे सगळं मनात ठेवून हसत होता. मला फसवलं गेलं होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. ती एक ओळ मी लिहिली नाही, ती म्हणूनच. फाईल मला दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ द्यायची नव्हती.

त्या रविवारी मी माळ्यावरून कॉलेजचा अंक काढला. कॉम्प्युटरवर शोधून हा अंक कुणालाही सापडला नसता, कारण तो कुठंच चढवलेला नाही. माझ्या लेखाची पानं मी स्कॅन केली, इंग्रजी सारांश केला आणि तपासणी अहवालात लिहिलं, की अर्जदाराचा मुख्य दावा या प्रकाशनामुळे नवीन ठरत नाही. कायद्यानं त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. सह्या झाल्या, अहवाल गेला. आपण किती निःपक्षपाती आहोत, मित्रालाही सोडलं नाही, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण फाईल दुसऱ्या परीक्षकाकडे सोडली असती आणि त्याला फोन करून एवढंच म्हटलं असतं, की 'श्रीनू, आपला जुना अंक वकिलाला दाखव आणि दावा सेन्सरपुरता ठेव,' तर कायदाही राहिला असता आणि त्याचं पेटंटही. हे मला तेव्हाही कळत होतं. माझं रोजचं कामच ते आहे.

आमची शेवटची भेट त्यानंतर दीड महिन्यानं झाली. मी बहिणीकडे जुळे सोलापूरला आलो होतो. तो स्कूटर घेऊन आला आणि मला चहाला घेऊन गेला. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "काय साहेब, लई शोध करता म्हणे तुमी लोकं. नेटवर नाय ते पण सापडतंय."

मी म्हणालो, "काय झालं?"

"आमी एक अर्ज टाकला होता. उत्तर आलंय. त्यात आपला अंक हाय बे, तुझा लेख. परत वाचला. चांगलं लिवायचास की तू." बशी खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "कुणी दिला असंल रे त्यांना?"

मी म्हणालो, "कॉलेजच्या लायब्ररीतून मिळाला असेल. आजकाल सगळीकडचं मिळतं."

"व्हय," तो म्हणाला. "असंल."

मग मी त्याला परीक्षकासारखा सल्ला दिला. दावा जरा आखूड कर, सेन्सरचा भाग पुढे आण, उत्तर दे, मिळून जाईल. तो "बघू की" म्हणाला आणि बहिणीच्या दारापर्यंत सोडून गेला. जाताना हात हलवला नाही. तो नेहमी हलवायचा.

त्यानं उत्तर दिलंच नाही. अहवालाला ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, तर अर्जदारानं अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो. मी दर सोमवारी त्याच्या अर्जाची स्थिती उघडून बघायचो. पेटंट हातात आलं तर पेडल बनवायला घेऊ, असं एका कंपनीनं त्याला सांगितलं होतं, हे मला बहिणीकडून कळलं होतं. म्हणजे तो उत्तर देणारच, असं मी धरून चाललो होतो. एका सोमवारी तिथं 'सोडून दिलेला' असा शेरा दिसला. खोटं वाटेल, पण मला पुन्हा त्याचाच राग आला. भांडला का नाही? फोन करून आईबापाचा उद्धार का नाही केला? न बोलता मला असा सोडून गेला... तो अजून जिवंत होता आणि मीही फोन केला नाही.

तेराव्याला मी गेलो होतो, पण घर माणसांनी भरलेलं होतं. बोलणं झालं नाही, म्हणजे मी होऊ दिलं नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. माधवीवहिनी एकट्याच होत्या. त्यांनी चहा ठेवला. काय बोलायचं, ते मी गाडीत पाठ केलं होतं. कायद्यानं असं आहे, माझाही नाइलाज होता, तरी वाईट वाटतं, अशा धर्तीचं. मी सुरुवात केली. "वहिनी, तो जो अहवाल आला होता ना..."

"तुमीच लिहिला होता. माहीत आहे आम्हाला," त्या म्हणाल्या. "हे कॉलेजात जाऊन आले होते. तिथले जुने अंक कधीच रद्दीत गेलेत. घरी येऊन म्हणाले, दत्त्याकडचाच हाय. मग लई शिव्या दिल्या तुम्हाला. मराठीत पुरल्या नाहीत, तेलुगूत दिल्या. दोन दिवस जेवले नाहीत धड."

त्या पुढे म्हणाल्या, "पहिल्या कागदात तुमचं नाव होतं, भाऊजी. वकिलानं काढायला लावलं. तुमच्या ऑफिसातल्या माणसाला पेटंटमध्ये हक्क घेता येत नाही म्हणे. नाव दिसलं, तर तुमच्यावर चौकशी लागेल. हे म्हणाले, मग काढा. पण चित्र तेवढं त्याचंच ठेवा."

ते कलम मला पाठ आहे. नोकरीत लागताना आम्हाला पहिल्या आठवड्यातच ते शिकवतात. त्याच्या विरुद्ध मी मनात काय काय रचलं होतं... आणि हे एक कलम मला आठवलं नाही.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"पेटंट मिळाल्यावर पेढे घेऊन येणार होते तुमच्याकडे. आधी सांगितलं आणि अर्ज नेमका तुमच्याकडंच आला तर तुमी अडचणीत याल, असं म्हणायचे." चहा उतू जाऊ लागला तसा त्यांनी गॅस बंद केला. "वकील तर म्हणत होता, उत्तर देऊ, सुनावणी मागू आणि तिथं विचारू, हा अंक आला कुठनं. ह्यांनी नको म्हणून सांगितलं. मी लई भांडले. म्हणलं, त्यांनी तुमचं काय ठेवलं, तुमी त्यांची नोकरी कशाला जपता? तर उठून चिंचोळीला निघून गेले."

मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "का केलंत, भाऊजी?"

मी म्हणालो, "आधी छापलेलं असलं, तर परीक्षकाला ते दाखवावंच..."

"कायद्याचं वकिलानं सांगितलंय. तुमचं सांगा."

तेव्हा गाडीत पाठ केलेलं सगळं गळून पडलं आणि जे होतं ते सांगितलं. "माझं नाव दिसलं नाही, म्हणून केलं. मला वाटलं, त्यानं मला फसवलं. कायदा मी नंतर पुढे केला. ती फाईल माझ्याकडे ठेवायला नको होती, मी ठेवली. त्यानं समोर बसून विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्याला बोलायला जागा होती, पण तो माझ्यासाठी गप्प बसला. आणि मी त्याच्यावरच रुसून बसलो. परवा वरिष्ठांना सगळं लेखी दिलंय, चौकशी होईल ती होऊ दे. त्यानं अर्ज परत उभा राहत नाही, मला माहीत आहे. तो असताना यायला हवं होतं, वहिनी. आलो नाही. तुमच्या घरचं खाऊन मी तुमच्या माणसाचं काम बुडवलं. मला माफ करा."