चिकटपट्टी लावलेला कॅमेरा

भुतंखेतं, आत्मा, घुटमळणं... या सगळ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला नखं कापणारी बाई आहे मी. इथे ग्रुपवर येणारे अनुभवही मी गेली काही वर्षं वाचतेय ते बहुतेक वेळा करमणूक म्हणूनच. त्यामुळे आता मला कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. नावं बदलली आहेत, बाकी जे झालं तेच लिहितेय.

आम्ही लालबागला राहतो. म्हणजे आता मी आणि माझी मुलगी मुक्ता, दोघीच. चाळीचा तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. आत शिरलं की डावीकडे ओटा आणि मोरी, उजवीकडे कॉट, समोर खिडकी. खिडकीखाली आता कॉम्प्युटरचं टेबल आहे. पूर्वी तिथे माझ्या सासूबाईंची लोखंडी खाट असायची.

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, आणि सासूबाई याच खोलीत गिरणीकामगारांची खानावळ चालवायच्या. दोन वेळचा वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. हाताने दणकट आणि तोंडाने त्याहून. संदेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माझा नवरा. त्याने एकदा माझ्यावर हात उचलला... पहिल्यांदा नव्हे, पण त्यांच्यासमोर पहिल्यांदा. त्यांनी काहीही आरडाओरडा केला नाही. शांतपणे त्याचे कपडे बॅगेत भरले आणि बॅग गॅलरीत नेऊन ठेवली.

"माझ्या घरात बायलेवर हात उगारणारो ऱ्हवाचो नाय. उठ, चलाक लाग."

मी रडत होते. मला म्हणाल्या, "तू खंय जाव नको. जावचा आसात तर तो जायत."

तो गेला. नवी मुंबईत भाड्याने राहू लागला. सासूबाईंनी त्याला परत कधी घरात घेतलं नाही. त्या आजारी पडल्या, हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हासुद्धा त्याने फोनवर चौकशी करण्यापलीकडे काही केलं नाही. शेवटचं पाणी मी पाजलं.

बाराव्याला मात्र आला आणि ढसाढसा रडला. मला वाटलं, आई गेल्यावर माणूस हलला असेल. त्यानंतर महिनाभराने तो एक नवा कॉम्प्युटर घेऊन आला. स्क्रीनमध्येच सगळं बसवलेलं असतं तसला, वर कॅमेरा. "मुक्ताच्या अभ्यासाला होईल, तुलाही घरून काम करता येईल," म्हणाला. मी फोर्टला एका विमा एजन्सीत क्लेम्सचं काम बघते, दोन दिवस घरून करायची मुभा आहे. सासूबाईंची खाट आम्ही भंगारात दिली होती, ती जागा रिकामीच होती. त्याने स्वतः टेबल लावलं, स्वतः सगळं चालू करून दिलं. जाताना म्हणाला, "पासवर्ड मी टाकलाय. बदलू नकोस, नाहीतर गोंधळ होईल."

हे एवढं लक्षात ठेवा... हा कॉम्प्युटर सासूबाई गेल्यानंतर घरात आला. त्या जिवंत असताना या कॅमेऱ्यासमोर कधीच बसल्या नव्हत्या.

पुढे काही महिन्यांनी त्याची नोटीस आली. घटस्फोट आणि मुक्ताचा ताबा. कोर्टाने आम्हाला आधी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पहिल्याच बैठकीत संदेश त्यांना म्हणाला, "मॅडम, ही मुलीला घेऊन बंगलोरला पळून जाणार आहे. बहिणीला तसं बोललीय."

बंगलोरला माझी बहीण असते आणि मी वैतागून तिला फोनवर तसं म्हणाले होते, ही गोष्ट खरी. पण तेव्हा खोलीत मी एकटी होते. दार लावलेलं होतं. मग तो एकेक सांगायला लागला. मी कितीदा रडते. ऑफिसातल्या कुठल्या माणसाशी कामाचं बोलताना हसले. मुक्ताला कधी ओरडले. माझ्याकडे बघत बघत सांगत होता... आणि चेहऱ्यावर बारीक हसू.

मी आधी बहिणीवर संशय घेतला, मग शेजारच्या वहिनींवर. शेवटी दीपाला फोन केला. दीपा माझी शाळेपासूनची मैत्रीण, परळला राहते, एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कॉम्प्युटर कुणी सेट करून दिला?"

रविवारी दुपारी ती आली. बाहेर गॅलरीत उभं राहून मला खुणेने बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत गेल्यावर त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. नेहमीसारखं बोल." आम्ही आत जाऊन कांदेपोह्यांवर गप्पा मारत बसलो आणि ती गप्पा मारता मारता मशीन तपासत होती. अर्ध्या तासाने तिने मला परत बाहेर नेलं. तिचे कान लाल झाले होते.

"स्पायवेअर आहे मनीषा. मशीन चालू झालं की तो प्रोग्राम आपोआप चालू होतो. प्रिंटरचा वाटावा असं नाव दिलंय. आणि अँटीव्हायरसला सांगून ठेवलंय की या फोल्डरकडे बघू नकोस. दर थोड्या वेळाने कॅमेऱ्यातून फोटो, माइकमधून आवाज... सगळं एका ईमेलवर जातंय."

दर थोड्या वेळाने. त्या एका खोलीत मी झोपते, केस विंचरते, साडी नेसते. माझी मुलगी तिथेच वावरते. दीपाला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता काढून टाक."

"नाही. आधी पुरावा. काढलं की पुरावाही जाईल."

तिने सगळ्याचे फोटो काढले, डिस्कची कॉपी घेतली, आम्ही जाऊन पोलिसांत तक्रारही दिली. तक्रार घेणाऱ्यांनी सरळच सांगितलं की ईमेल खोट्या नावाने उघडलेला आहे, तो नवऱ्याचाच हे सिद्ध व्हायला वेळ लागेल. मग दीपाने मशीन धुऊन काढलं. डिस्क पूर्ण पुसून सगळं नव्याने टाकलं. नवा पासवर्ड मला एकटीला माहीत. रोजच्या वापरासाठी वेगळं साधं खातं काढून दिलं, ज्यातून कुणाला गुपचूप काही टाकता येणार नाही. वायफायचा पासवर्ड बदलला. कॅमेरा आणि माइक सेटिंगमधून बंद. आणि शेवटी इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी कॅमेऱ्यावर डबल करून लावली.

"आता इथून त्याला काळं कुत्रंसुद्धा दिसणार नाही," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दादरला जाऊन नवा पडदा आणला. पिवळा, मोठ्या फुलांचा. कॉट आणि बाकीच्या खोलीच्या मध्ये लावायला. जुन्या पडद्याकडे बघवेना, एवढंच.

आता खरं सांगते. त्यानंतर माझ्या घरात काहीही घडलं नाही. ना आवाज, ना वास, ना सावली. मी कित्येक महिन्यांनी शांत झोपत होते. घडत होतं ते सगळं त्याच्याकडे.

एका बुधवारी दुपारी मी घरी होते. दिवे गेले होते, म्हणून काम थांबवून कॉटवर बसून मटार सोलत होते. संदेशचा फोन आला. दीपाने सांगून ठेवलं होतं की त्याचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड कर. मी केला.

"बंद कर ते," तो म्हणाला. आवाज चिरकत होता.

"काय बंद करू?"

"कॅमेरा! कुणाला बसवतेस तू तिथे? आईचं लुगडं नेसवून कुणाला बसवतेस?"

मला काही क्षण काहीच कळलं नाही. मग एकच कळलं, की हा स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. मी अगदी हळू विचारलं, "तुला दिसतंय? कुठून दिसतंय संदेश?"

"नाटकं करू नकोस! आठवडाभर फोटो येतायत. कुठल्या एआयवर बनवतेस की काय..."

"संदेश, दिवे गेलेत. कॉम्प्युटर बंद आहे. कॅमेऱ्यावर पट्टी आहे."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "खोटं. आत्ता आलाय फोटो. तू मटार सोलतेयस. आई... तुझ्या बाजूला बसलीय. माझ्याकडे बघतेय."

मी मान वळवली नाही. घाबरून नव्हे... कसं सांगू. मटारचं ताट बाजूला होतं, ते फक्त मांडीवर ओढून घेतलं. बाजूला जागा झाली. आणि त्याला म्हटलं, "बघ मग. नीट बघ. बघायचंच होतं ना तुला?"

त्याने फोन कापला.

पुढच्या बैठकीला तो आला तेव्हा ओळखू येत नव्हता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बगलेत लॅपटॉप. बसल्या बसल्या समुपदेशक बाईंना म्हणाला, "मॅडम, ही माझा मानसिक छळ करतेय. मेलेल्या आईचे खोटे फोटो पाठवतेय. पुरावा आणलाय." त्याच्या वकिलाने टेबलाखालून त्याचं मनगट धरलं, ते मला दिसलं. संदेशने हात हिसडला आणि लॅपटॉप उघडला.

बाई एकेक फोटो बघू लागल्या. आधी माझेच होते. केस पुसताना. झोपलेली. रडताना. मुक्ता अभ्यास करताना. बाईंनी चष्मा काढला.

"हे तुमच्याकडे कसे आले?"

"ते सोडा हो, पुढे बघा, पुढे!"

"मिस्टर, मी विचारतेय हे तुमच्याकडे कसे आले."

त्याचा वकील उठून खिडकीपाशी गेला. त्या एका वाक्यासाठी मी दीड वर्ष जगत होते असं मला वाटलं. पण संदेशला आपण काय केलं हे कळतच नव्हतं. त्याने स्वतःच पुढचे फोटो काढून स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

माझी खोली. कॉम्प्युटरच्या जागेवरून घेतलेली. मागे पिवळा पडदा... दीपाने मशीन साफ केल्यानंतर आणलेला, तोच. आणि पडद्यापुढे सासूबाई. त्यांचं हिरवं लुगडं, खानावळीच्या दिवसांपासून मनगटावर असलेला, तेल उडून भाजल्याचा पांढरा डाग. एकामागून एक फोटोत त्या तशाच बसलेल्या. पलीकडे मी कधी भांडी पुसतेय, कधी मुक्ताची वेणी घालतेय. मी त्यांच्याकडे बघत नाही. त्या माझ्याकडे बघत नाहीत. त्या थेट समोर बघतायत.

"आवाज पण आहे," संदेश म्हणाला, आणि कुणी नको म्हणायच्या आत त्याने लावला.

आधी नारळ खवल्याचा आवाज. खर्र... खर्र... मग तो थांबला.

"बाबल्या," सासूबाई म्हणाल्या. त्याला बाबल्या फक्त त्याच म्हणायच्या. "कित्या बघतंस रे? बायलेक चोरून बघतंस? तुका लाज वाटणा नाय? बघ. आता माका बघ. खंयव जा, माकाच बघतलंस."

समुपदेशक बाईंनी लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला. त्यांच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. पण बाई कामाच्या पक्क्या. थोडं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हा लॅपटॉप आता इथून जाणार नाही."

पुढचं थोडक्यात. त्याच लॅपटॉपवरून तो खोटा ईमेल त्याचाच हे निघालं. ताब्याचा दावा त्याने मागे घेतला, फौजदारी केस चालू आहे. मुक्ता माझ्याकडे आहे. लॅपटॉप गेला, तरी त्याला फोनवर फोटो येत राहिले. त्याने फोन बदलला. आता साधा बटणांचा फोन वापरतो म्हणतात. टीव्ही विकला. ऑफिसात स्क्रीनसमोर बसवत नाही म्हणून नोकरी सोडली. हे मला त्याच्या चुलत भावाकडून, दिनेश भावोजींकडून कळलं. ते गेल्या महिन्यात घरी आले होते. चहा समोर ठेवला तरी कप उचलेनात.

"वहिनी, एक विनंती होती. तुमच्या घरात शांती करून घेऊया का? खर्च, भटजी, सगळं मी बघतो. काकीच्या आत्म्याला शांती मिळेल."

"त्यांना अशांती आहे असं कुणी सांगितलं?"

"संदेशला झोप नाही हो वहिनी. डोळे मिटले तरी दिसते म्हणतो."

मला त्याची दया यायला हवी होती. मी खरोखर थांबून वाट बघितली, येतेय का. आली नाही. महिनोन् महिने त्याने मला आडून बघितलं होतं, आणि मला एका क्षणाचीही सूट दिली नव्हती.

"भावोजी, ज्याला त्रास होतोय त्याने त्याच्या घरी करावी शांती. या घरातून त्यांना कुणी उठवायचं नाही."

ते उठून गेले.

दीपाने नंतर दोनदा मशीन तपासलं. आत काही नाही. माझ्या घरातून बाहेर काही गेल्याची वायफायवर नोंद नाही. पण केसच्या कागदांसोबत आम्हाला मिळालेल्या संदेशकडच्या त्या फोटोंमध्ये दडलेली जी माहिती असते, त्यात कॅमेरा म्हणून आमच्याच कॉम्प्युटरचं नाव आहे. पट्टी दुहेरीची दुहेरी तशीच होती, कडासुद्धा उचललेली नव्हती. दिवे गेले होते त्या दुपारचा फोटोही त्यात आहे. दीपासारखी मुलगी, प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारी, तिनेही हात टेकले. "मला नाही सांगता येत," म्हणाली. मलाही नाही येत. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. आपापल्या कॉम्प्युटरचे पासवर्ड बदला, कुणी फुकट सेट करून देत असेल तर शेजारी बसून बघा, कॅमेऱ्यावर पट्टी लावा.

माझ्या घरात मात्र शांती होणार नाही.