काउंटरवर शून्य

बाबा फोनवर तीनच गोष्टी बोलतात. "जेवलीस? बरं. ठेवू?" मिरजेला ते एकटे, इथे बेंगळुरूला कोरमंगलात पीजीमध्ये मी एकटी, आणि मला तर दिवसभराचं सगळंच्या सगळं सांगायचं असतं! म्हणून मी त्यांच्यासाठी एक वेबपेज बनवलं. रोज ऑफिसला निघायच्या आधी त्यावर काहीतरी लिहायचं. ऑटोवाल्याला अर्ध्या कन्नडमध्ये "स्वल्प हळू" म्हटलं तर तो हसून अजून जोरात कसा पळवतो, रूममेट हेडफोन काढतच नाही, असलं काहीही.

पेज एकदम भारी केलं होतं. कुणीतरी समोर बसून टाइप करतंय असं एकेक अक्षर उमटायचं. सगळं जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे असा प्रोग्राम जो वाचणाऱ्याच्या मोबाईलवर चालतो. शिवाय फक्त मला दिसणारा एक काउंटर: आज किती जणांनी पान उघडलं?

शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. आठवडाभर शून्य.

"बाबा, बघता ना?"

"हो, हो. छान आहे."

शून्य! सरळ खोटं बोलत होते. तरी मी दोन-तीन महिने लिहीत राहिले, मग बंद केलं. कुणाला सांगणार? ऑफिसात सगळं हिंदीत चालतं आणि हिंदीत मला रुसता येत नाही.

मग एकदा मीटिंगमध्ये विषय निघाला, आमची तिकिटांची साइट जावास्क्रिप्ट बंद असलं तरी चालायला हवी का. मी लगेच उडी मारली. "असं कोण वापरतं? साइटवर मी काउंटर लावलाय, त्यात असा एकही माणूस दिसत नाही!"

आमचे सीनियर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच राहिलेल्या मराठी घरातले. म्हणाले, "स्वल्प थांब गं, अक्का. काउंटर कशात लिहिलायस?"

"जावास्क्रिप्टमध्ये."

"सरी, बरोबर! म्हणजे जिना चढून वर आलेल्यांनाच विचारतेस, तुम्हाला जिना चढता येतो ना?"

त्यांनी तेच हिंदीतही सांगितलं, सगळे हसले. मीही हसले. आणि मग मला बाबांचं पान आठवलं. त्यावरचा काउंटरही जावास्क्रिप्टमध्येच होता.

पान जिथून जातं तो सर्व्हर स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. कुणीही पान मागितलं की एक ओळ. ती मी कधी उघडलीच नव्हती. उघडली, तर रोज सकाळी सहाच्या सुमारास एक ओळ. एकच जुना मोबाईल. मी लिहिणं बंद केल्यानंतरही, रोज.

तिथूनच बाबांना फोन लावला. "पान उघडल्यावर काय दिसतं?"

"पांढरं."

"नुसतं पांढरं? मग छान आहे कशाला म्हणालात?"

"मला वाटलं, तू अजून लिहायला घेतलं नसशील. कामात असतेस. म्हणून आज लिहिलंय का, एवढं बघायचो." मग म्हणाले, "मोबाईल अडकायचा गं. दुकानदाराने त्यातलं काहीतरी बंद करून दिलंय. माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो, बाबा."

जागेवर येऊन मी सगळं उपटलं. उमटणारी अक्षरं, काउंटर, सगळं! राहिला नुसता मजकूर, वर तारीख, पांढऱ्यावर काळं. कुठल्याही मोबाईलवर दिसेल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबांचा फोन. आपणहून!

"तुला ताप कधी आला होता?"

मला आठवेचना. मग लक्षात आलं, सुरुवातीच्या दिवसांत लिहिलं होतं मी, तीन दिवस नुसता दहीभात.

"बाबा, जुनं आहे ते. आता बरी आहे मी."

"आता असशीलच. तेव्हा जवळ कोण होतं?"

मी म्हटलं, ऑटो आली, ठेवते. ऑटो आली नव्हती. बसले आणि पेजवर आजची तारीख टाकून लिहिलं, 'बाबा, कुणी नव्हतं.' सर्व्हरची नोंद उघडून ठेवली.

बाबांच्या मोबाईलची ओळ आली. थोड्या वेळाने पुन्हा तीच. मग पुन्हा.