उचगावच्या पायातली शिवराई

मी एका खऱ्या नाण्याला खोटं ठरवलं. नजर चुकली असं म्हणायची सोय मला नाही, कारण ते खरं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

नाणं माझ्या साडूंचं, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याचं. उचगावात त्यांचं सरकी पेंडीचं दुकान आहे. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या कचेरीत नोकरी करतो आणि बरीच वर्षं तांब्याच्या जुन्या शिवराया जमवतो. हा नाद त्यांना माझ्यामुळेच लागला. रविवारी साडू आणि मेहुणी आमच्याकडे यायचे. मी साडूंच्या हातात भिंग द्यायचो आणि शिकवायचो. हल्ली ऑनलाइन विकायला येणाऱ्या शिवरायांत साच्यात ओतलेल्या फार. ओतीव नाण्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी बुळबुळीत दिसतात, आणि औषध लावून आणलेला हिरवा रंग नुसता वर बसतो, खोबणीत मुरत नाही. खरी शिवराई हातोड्यानं ठोकलेली असते. घाव बसताना तिची कड कुठेतरी फाटते आणि ती चीर प्रत्येकीची वेगळी. म्हणून दोन नाण्यांवर हुबेहूब तीच चीर दिसली तर त्यातलं एक तरी साच्यातलं, बहुतेक वेळा दोन्ही.

नाणी जमवणाऱ्यांचा आमचा फोनवर ग्रुप आहे. कुणी फोटो टाकला की शेवटचा शब्द माझा असायचा. तो मान मला फार प्यारा होता.

ती शिवराई विक्रीला लागली तेव्हा तिचा फोटो मीच आधी पाहिला होता. कडेचा ठिपक्यांचा गोल पूर्ण, दोन्ही बाजूंची अक्षरं पूर्ण. बहुतेक शिवरायांत एखादं अक्षर तरी कडेबाहेर गेलेलं असतं. इतकं चांगलं नाणं खरं कसं असेल, म्हणून मी घुटमळलो. रोज फोटो उघडायचो, मोठा करायचो, बंद करायचो. एक दिवस ते विकलं गेलेलं दिसलं. आणि पुढच्या रविवारी साडूंनी तंबाखूची रिकामी डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि तीच शिवराई माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमास्नी न विचारता घेतली बरं का, साडूभाऊ. म्हटलं, बघूया आपला डोळा काय म्हनतोय."

मेहुणी स्वयंपाकघरातून ओरडली, "दाजी, आदी खरं हाय का बघा! न्हायतर पेंड विकून भंगार आणलंय म्हनायचं."

"ठेवून जावा. नीट बघतो," मी म्हणालो.

नीट बघायला काही उरलंच नव्हतं. भिंगाखाली अंगावर एक बुडबुडा नाही. काळपट हिरवा थर अक्षरांच्या बुडाशी मुरलेला. डाव्या कडेला चीर, आत निमुळती होत गेलेली, घावानंच जाते तशी. मी ते तळहातावर घेऊन बसलो आणि आतून जळत राहिलो. भिंग माझं, शिकवण माझी, आणि नाणं यांच्या डबीत. मी जिथे घाबरलो तिथे हा माणूस घाबरला नाही, हे तर फारच लागलं. ग्रुपवर फोटो गेला की आता वाहवा यांची होणार आणि पुढचा फोटो आला की लोक यांनाही विचारणार.

त्याच आठवड्यात मला दुसऱ्या एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. तीच शिवराई, तीच चीर. पण ते दुसरं नाणं नव्हतंच. त्या लबाडानं पहिल्याचा फोटोच उचलला होता. नाण्याखालचं लाल फडकं तेच, फडक्याचा सुटलेला दोराही तोच. मी तो फोटो कापून घेतला. फडकं गेलं, नुसतं नाणं राहिलं.

रविवारी जेवणं झाल्यावर, बायको आणि मेहुणी समोर बसलेल्या असताना, मी साडूंपुढे फोन धरला.

"दुसरीकडे विकायला आहे. चीर ओळखा."

त्यांनी फोटो बघितला, नाणं बघितलं, परत फोटो बघितला. "त्येच हाय की."

"एकाच साच्यातली."

मेहुणी मोठ्यानं हसली. "पेंडीतला भुसा लांबनं ओळखत्यात, आन् हितं गंडलं बघा!"

तेही हसले. पण टेबलावर ठेवलेलं भिंग त्यांनी परत हातात घेतलं नाही. पुढे रविवारी आले तरी ते टीव्हीसमोर बसायचे. मी एकदा नवीन नाणं दाखवायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आपल्याला न्हाय त्यातलं कळत." मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

मग त्यांच्या घराची पायाभरणी निघाली. ईशान्येच्या खड्ड्याशी भटजी बसले होते. हळकुंड, सुपारी, हुपरीहून आणलेला चांदीचा नाग, सगळं मांडलेलं. भटजींनी तांब्याचं नाणं मागितलं. जमलेल्यांनी खिसे चाचपले. निघाली ती सगळी आजची, स्टीलची.

"माझ्याकडं हाय की!" साडू म्हणाले आणि गाडीतून ती डबी घेऊन आले. "खोटं हाय, पर तांबं हाय. चालतंय न्हवं, भटजी?"

"तांबं असल्याशी कारण."

साडू माझ्याकडे वळले. "काय साडूभाऊ, घालू न्हवं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. शिवराई त्यांच्या बोटात होती, गवंडी घमेलं घेऊन थांबला होता. बोललो असतो तर ती परत डबीत गेली असती, आणि माझं खोटं सगळ्या पाहुण्यांसमोर उघडं पडलं असतं. आणखी एक होतं, ते लिहिताना आजही हात अडतो. मला वाटलं, मला नाही तर त्यांनाही नको.

"घाला की," मी म्हणालो.

वर काँक्रीट पडलं. मी टाळ्या वाजवल्या.

घर पुरं झालं. वास्तुशांतीला पाहुणे पांगल्यावर साडू मला हौसेनं खोल्या दाखवत होते. ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर केलं होतं. तिथे थांबून ते हसले. "हितं खाली तुमचं खोटं नाणं हाय बघा." मला पुढे पाऊल टाकवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. फोटो, कापलेलं फडकं, माझी जळजळ, खड्ड्याशी मी गप्प राहिलो ते. सांगतानाही मनात आलं की ती शिवराई आता कायमची यांच्या घराची झाली. हेवा तेव्हाही गेला नव्हता.

त्यांनी खाली फरशीकडे बघितलं.

"म्हंजे ती चीर..."

"घावाची."

"मला वाटलंच हुतं," ते हळू म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "मला वाटलं हुतं ओ! आन् मी आपल्या डोळ्यावर इश्वास सोडला, तुमच्यावर ठेवला."

"माझं चुकलं."

"हे माझ्या एकट्याच्या कानात सांगून काय उपेग? ती हसलीती. तिला सांगा की."

मेहुणी आणि माझी बायको स्वयंपाकघरात उरलेल्या पुरणाचे डबे भरत होत्या. मी दारात उभा राहिलो. साडू माझ्या मागे होते. मेहुणी म्हणाली, "काय दाजी, च्या टाकू?"

"नको," मी म्हणालो. "त्या दिवशी तुझ्या नवऱ्याचं नाणं खरं होतं. त्यांची पारखही बरोबर होती. मी त्यांच्यावर जळलो, खोटा पुरावा दाखवला आणि तुम्हा सगळ्यांना त्यांच्यावर हसायला लावलं. मला माफ करा. तूही आणि तेही."