वितीचा फर्मा

आमच्या गावातल्या सगळ्या तिफणी आमच्या यायच्या डाव्या हाताच्या मापाच्या होत्या. हे म्हणजे आमचे कारभारी, गावचे सुतार. वडनेरच्या अलीकडं आमचं गाव, काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आन् जवारी. यायचं माप म्हणजे डाव्या हाताची ताणून धरलेली वीत आन् वर दोन बोटं. उजव्या हातानं खूण करायची, गिरमिट लावायचं, भोक पाडायचं. एका तिफणीले त्याच अंतरानं तीन भोकं, त्यात तीन फण, म्हून पेरणीच्या तीन ओळी. पीक वर आलं का दोन ओळीच्या मधातून गवत काढाले डवरा फिरते, त्याचं लोखंडी पातं, म्हणजे पास, तीही यायनंच त्याच वितीनं बसवलेली. भोक बोटभर सरकलं का पास पिकालेच कापते. गवत राह्यते, पऱ्हाटी जाते.

त्या साली संक्रांतीनंतर लाकूड तासता तासता वाकस डाव्या अंगठ्यावर बसला. आम्ही हळद भरत राह्यलो, जखम चिघळली. तवा वऱ्हाड मध्यप्रांताले जोडलेला, इंग्रजाचं राज. आम्हाले त्यातला मलकापूरचा सरकारी दवाखाना तेवढा ठावा. तिथं अंगठा काढावा लागला. घरी आले तवा म्हणले, "जीव वाचला, बस." मीही तेच म्हटलं. अंगठ्यासंगं वीतही गेली, हे दोघायच्याही ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं आखाजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले. शेजारचे एक शेतकरी, मी त्यायले भाऊजी म्हणो, नवी तिफण करून घ्याले आले. यायनं उजव्या वितीनं मापलं. दोन्ही हात सारखेच असतीन, असं कोणालेही वाटते. नसतात. दुसऱ्या दिवशी भाऊजी तिफण घेऊन परत दारात. "मिस्त्री, जुन्या डवऱ्याची पास या फणायच्या मधात बसत नाही ना."

गोष्ट गावभर झाली. दोघं-तिघं पलीकडच्या गावच्या सुताराकडं चालले. मिरगाची पेरणी महिन्यावर आली आन् सुताराच्या दारात लाकूड पडलेलं नाही, तर तो सुतार कशाचा? हे ओसरीवर बसून राहत, डावा हात धोतराच्या सोग्यात लपवून. गावाचं काम एकदा गेलं का परत येत नाही, हे यायले मालूम होतं आन् मलेही. मले ते बसणं पाहवत नव्हतं.

माहा बाप बी सुतार. तो चाकाचे आरे फर्म्यावर कापे. बाभळीची एक फळी, ती एकदा बरोबर केली का पुढचे सगळे आरे सारखे. मी यायले म्हटलं, "आपण भोकायचा फर्मा करू."

"तीस वर्सं या घरात दोरी नाही आली मापाले. फर्मा अडाण्याले लागते."

"मंग शहाण्यानं अंगठा काऊन तोडला?"

बोलून गेली. माही जीभ अशीच, तिच्या पायी माहेरी लय मार खाल्ला तरी सुधरली नाही. हे दोन दिवस माह्याशी बोलले नाही.

पण मी ऐकणारी नव्हती. भाऊजीच्या घरून जुनी तिफण मागून आणली, यायचा अंगठा होता तवाची. तिच्यावरून बाभळीच्या फळीवर कोळशानं भोकं उतरवली आन् पाडली. नुसत्या भोकानं भागत नाही, फण कलता बसते. म्हून प्रत्येक भोकावर तिरपं भोक असलेला एक ठोकळा ठोकला, का गिरमिट त्याच कलानं आत जावं. पहिला ठोकळा उलटाच ठोकला. काढला, पुन्हा ठोकला.

भाऊजीसाठी यायनं दुसरं लाकूड तासून ठेवलं होतं, पण भोक पाडाची हिंमत होत नव्हती. हे नांदुऱ्याच्या बाजाराले गेले आन् मी ते लाकूड पुढ्यात घेतलं. यायले जे मापत, पाहत, पुन्हा मापत अर्धा दिवस लागे, ते माहं न्याहारीच्या आत झालं. हाताले फोड आले तेवढे.

फण ठोकून भाऊजीले निरोप धाडला, दुपारी ते डवराच घेऊन आले. पास पहिल्या दोन फणात ठेवून पाह्यली, मंग दुसऱ्या दोन फणात. केसाचा फरक नव्हता. तेवढ्यात हे बाजारातून आले.

"मिस्त्री," भाऊजी म्हणले, "हात परत आला तुमचा."

हे तिफणीपाशी बसले. कुठं काय जमलं ते बोटानं चाचपून पाह्यलं, फळीकडं पाह्यलं. हे 'हो' म्हणतीन, असं मले वाटलं. म्हणावं, अशीच माही इच्छा होती. जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

"हात इचा हाय," हे म्हणले.

भाऊजीचं तोंड उतरलं. बाईच्या हातची तिफण, तीही मिरगाच्या पेरणीले. आता मात्र मले राहवलं नाही.

"काऊन भाऊजी, तिफणीमागं सरत्याच्या नळीतून बी टाकत कोण चालते? तुमच्या घरची बाईच ना?"

भाऊजीनं तिफण खांद्यावर घेतली, फाटकापाशी थांबले.

"वहिनी, एक डवरा बी करा लागते. कवा देसान?"

मले विचारलं, वहिनीले. मिस्त्रीकडं पाह्यलंही नाही. काम घरात राह्यलं, मले आनंद झाला, खोटं काऊन बोलू. पण यायच्याकडं पाहाची माही छाती झाली नाही. मी खाली वाकून लाकडाचा भुसा गोळा करू लागली.

यायनं वाकस घेऊन एक लाकूड पुढ्यात ओढलं होतं. मान वर न करता म्हणले, "सांग ना त्यायले, कवा देशीन ते."