उजवलेला नळ

नळाची ओटी भरलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी भरली आहे, या हातांनी, आणि तेव्हा मी स्वतः पोटुशी होते.

गावाचं नाव लिहीत नाही. खानदेशातलं शहर, एवढं पुरे. जळगावकडे गेलात तरी असंच, धुळ्याकडे आलात तरी असंच. माझं माहेर चोपड्याकडचं, मळ्यातलं, तिथे पाणी पाटानं आपल्या दारी यायचं. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की इथल्या बायकांचं निम्मं आयुष्य हंड्याखाली जातं. तरी आमची गल्ली त्यातल्या त्यात सुखी, कारण गल्लीची स्वतःची विहीर होती. पाणी जरा मचूळ, डाळ शिजायला वेळ घेई, पण वैशाखातही ते आटत नसे. बाकीचं गाव नदीत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचं.

माझे सासरे कापसाच्या अडतीवर तोलाऱ्याचं काम करत. गल्ली त्यांना आबा म्हणे. त्यांनी तोललेल्या मालाला कुणी फेरतोल मागत नसे, ना शेतकरी ना व्यापारी. त्यामुळे झालं असं, की भावाभावांची वाटणी असो, सोयरीक असो, भिंतीचं भांडण असो, लोक म्हणत, आबांना बोलवा. आबा फेटा बांधून जात, दोन्हीकडचं ऐकत, आणि शेवटी एक वाक्य बोलत. त्या वाक्यापुढे कुणी जात नसे. घरात पैसाअडका काही नव्हता हो, पण तो शब्द होता. आम्ही त्याच्यावरच श्रीमंत होतो.

तेव्हा राज्य इंग्रजांचं, पण म्युनिसिपालटीत बसणारी सगळी आपलीच माणसं. आमच्या भागाचे मेंबर तर पलीकडच्याच आळीतले. मतं मागायला आले तेव्हा माझ्या हातचा चहा पिऊन गेले होते. निवडून आल्यावर ते आबांकडे आले आणि म्हणाले, नदीपासून पाईप टाकून गल्लीत नळ आणतो. नळाचा खर्च मंजूर आहे, फक्त एक अट आहे. जिथे नळ येईल तिथली जुनी विहीर बुजवायची, म्हणजे पटकीची साथ नको. बुजवायचाही वेगळा खर्च मंजूर आहे.

गल्ली तयार होईना. बायका तर मुळीच नाहीत. विहीर जिवंत असताना तिच्या तोंडात माती घालायची, हे कुणाला रुचेल? मारुतीच्या पारावर सगळे जमले, आम्ही बायका भिंतीआड उभ्या. बराच वेळ गलका झाला. मग आबा उठले.

"नळले पाणी ई," ते म्हणाले. "मन्हा शब्द शे."

झालं. नळाला पाणी येईल असा आबांनी शब्द दिला म्हटल्यावर विहीर बुजवायला लोक तयार झाले. मेंबरवर विश्वास ठेवून नाही बरं का, आबांवर ठेवून.

आमच्याकडे नवी विहीर बांधली की ती उजवल्याशिवाय तिचं पाणी तोंडाला लावत नाहीत. पूजा करायची, ओटी भरायची, पहिला हंडा देवाला द्यायचा, मग गल्लीला जेवण. आणि एकदा उजवलं की त्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत. खारट लागो, गढूळ येवो, गप्प प्यायचं. नावं ठेवली तर पाणी रुसतं आणि ठेवणारीच्या पोटी विघ्न येतं, असं आमच्या सासूबाई सांगत. आता विहिरीला हा मान, तर नळाला का नको? सासूबाईंनीच पुढाकार घेतला. घरोघरी खापरावर मांडे झाले. नळाच्या खांबाला हळदकुंकू लावलं, खण बांधला, नारळ ठेवला. मेंबर कोट घालून आले, त्यांनी तोटी फिरवली आणि पाणी धो धो आलं. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या पोटातल्याचं नाव घेऊन त्यांनी ओटी भरायला मला पुढे केलं होतं.

मी ओंजळभर पाणी प्यायले आणि बोलून गेले, "याला कातड्याचा वास येतोय." सासूबाईंनी असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी नळ बंद पडला.

विहीर तेव्हा अर्धी बुजली होती; पाणी आज ना उद्या येईल म्हणून कुणी अडवलं नाही, रात्री गाड्या येऊन भर टाकून जात, आठवड्यात पुरी बुजली. आणि नळ का आटला म्हणून गल्लीनं कुणाला धरावं? म्युनिसिपालटीला नाही, मला! चोपड्याच्या सुनेनं उजवलेल्या पाण्याला नाव ठेवलं, म्हणून ते रुसलं. शेजारणी दारावरून जाताना ऐकवत, "मळ्यातली राणी शे बाई, तिले आमनं पाणी वास मारस." पुन्हा ओटी भरली, पुन्हा नारळ फोडला, एकीनं तर तोटीपुढे नवस बोलला. मेंबरला कुणी विचारलं की ते म्हणत, चालू होईल, वरून सामान यायचंय. पाणीपट्टी मात्र सुरू झाली. आता आमच्या गल्लीच्या बायकाही नदीवर जाऊ लागल्या, मीही, पोट सावरत.

 एका सकाळी आबा उठले आणि नळापासून पाईप कुठे जातो ते बघत निघाले. कोपऱ्यापर्यंत पाईप होता. रस्त्याखालून देवळामागच्या टाकीपर्यंत होता. टाकीच्या पलीकडे नुसता चर खणलेला होता, तोही पुढे बुजलेला. नदीपर्यंत पाईपच नव्हता. जिथे चर रस्ता ओलांडत होता तिथे तेवढे दोन पाईप दिसतील असे ठेवलेले, जाणाऱ्यायेणाऱ्यानं बघावेत म्हणून. टाकीशेजारी राहणाऱ्या म्हातारीनं आबांना सांगितलं, उद्घाटनाआधी पखालवाले टाकी भरत होते. कातड्याच्या पखालीतलं ते पाणी. आबा घरी आले आणि मला एवढंच म्हणाले, "पोरी, तू खरं बोलली व्हती."

मग त्यांनी जिल्ह्याच्या साहेबाकडे अर्ज केला. महिने गेले. शेवटी एक साहेब आला, आपलाच, मराठी बोलणारा, डोक्यावर हॅट. बरोबर मेंबर आणि कारकून. आबा आधीपासून फेटा बांधून नळापाशी उभे. त्यांना वाटत होतं, आता गल्लीसमोर सगळं निघेल, आणि आपला शब्द आपल्याला परत मिळेल. त्यांना एवढंच हवं होतं. मेंबर तुरुंगात जावा अशीही त्यांची इच्छा नव्हती.

ते म्हणाले, साहेब, माझ्याबरोबर चला, नदीपर्यंत पायी दाखवतो. मेंबर मध्येच हसून म्हणाले, साहेब, पाईप जमिनीखाली असतो, तो वरून कसा दिसणार? पाणी आलं होतं की नाही ते गल्लीच्या बायकांनाच विचारा ना. आणि ते सरळ सासूबाईंकडे वळले.

"अक्का, नळ तुम्हीच उजवला ना? त्या दिवशी पाणी वनं व्हतं का नई, तेवढंच सांगा सायेबले."

सासूबाईंनी पदर सारखा केला. माझं पोट तेव्हा अगदी भरत आलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आबांकडे नाही.

"वनं व्हतं," त्या म्हणाल्या.

"चांगलं व्हतं?"

"देवनं पाणी. नाव ठेवाले जागा नई."

मग बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. खोटं कुणीच बोललं नव्हतं, पाणी आलं होतं हे खरंच होतं. मला बोलायचं होतं. पण सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी फुटली. कारकुनानं लिहून घेतलं, साहेबानं घड्याळ बघितलं, आणि पाणी तात्पुरतं बंद आहे असं ठरवून ते निघून गेले.

घरी आल्यावर सासूबाई चुलीपाशी बसून मला म्हणाल्या, तुझ्या पोटातल्यासाठी बोलले गं. आबांनी ते ऐकलं असणार. बायकोला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. पुढे मला मुलगा झाला, धडधाकट, आणि आपण केलं ते बरोबरच केलं असं सासूबाईंना मरेपर्यंत वाटलं. त्यांना मी कोणत्या तोंडानं दोष देऊ? पोराला पाजताना मला एकेकदा वाटायचं, याची किंमत कुणी भरली ते याला कधी कळणार नाही.

आबांनी मग गल्लीतली दोन माणसं घेतली आणि विहीर उपसायला काढली. म्हणाले, नळ नाही तर नाही, विहीर तरी परत देतो. विहीर मुरुमानं भरायची असं म्युनिसिपालटीनं ठरवलं होतं आणि मुरुमाचेच पैसे दिले होते. वरचा हातभर मुरूम निघाला. त्याच्याखाली गावचा कचरा होता. कुजलेला चारा, चिंध्या, मेलेली कुत्री, खाटकांच्या आळीतली घाण. वास इतका सुटला की लोकांनी दारं लावली. तरी आबा खाली उतरत राहिले. अखेर पाणी लागलं, पण काळं, वर तवंग आलेलं. कितीदा उपसलं तरी ते तसंच भरायचं. खालचे झरे नासले होते. ज्या दिवशी म्हशीनं ते पाणी हुंगून तोंड फिरवलं, त्या दिवशी त्यांनी दोर गुंडाळून ठेवला.

पुढच्या निवडणुकीला तेच मेंबर पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. आमच्याच गल्लीनं मिरवणुकीत हार घातला.

आबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. भांडलं असतं कुणी तर बरं झालं असतं. लोक रामराम करत, तब्येत विचारत, वाट देत. फक्त विचारायचं सोडलं. वाटण्या झाल्या, भिंतींची भांडणं झाली, मिटली, आम्हाला नंतर कळे. अडतीवरही एका शेतकऱ्यानं त्यांच्या देखत फेरतोल मागितला. आबांनी गुपचूप पुन्हा तोलून दिलं. वजन तेवढंच भरलं.

मग शेजारच्या घरी मुलीची सुपारी फुटायची होती. आमच्या भिंतीला भिंत, मुलगी आमच्याच अंगणात वाढलेली. आबांनी सकाळी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला आणि ओट्यावर बसले. सासूबाईंना बायकांकडून बोलावणं होतं, त्या गेल्या. पाहुण्यांची बैलगाडी आली, माणसं आत गेली, हसणं ऐकू आलं. ऊन ओट्यावर चढलं तसे आबा सरकत सरकत भिंतीला टेकले. मी दोनदा चहा विचारला. ते म्हणाले, आता बोलावतील, तिकडेच घेतो.

सासूबाई परतल्या तेव्हा त्यांच्या पदरात साखरेची पुडी होती. ती त्यांनी आबांपुढे ठेवली.

"काय ठरलं?" आबांनी विचारलं.

त्या सांगू लागल्या, मुलगा कुठला, देणंघेणं काय, लग्न कोणत्या महिन्यात. आबा ऐकत फेटा सोडत होते.